गावातली कुत्री-मांजरं आणि ग्रामपंचायत : थोडी पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात कुत्रं पाळीव की मोकाट, हे ठरवणंच अवघड असतं. रात्री ते मालकासोबत वावरात जागलीला जातं, रानडुकरं हाकलतं, आणि दिवसा चार घरची भाकर खाऊन पारावर पडून राहतं. गळ्यात पट्टा नाही, कुठं नोंद नाही. मांजराकडून तर धान्याजवळचे उंदीर मारावेत एवढीच अपेक्षा.

गावाच्या कायद्याचं लक्ष सुरुवातीपासून पिकावर होतं. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने कोंडवाड्यांची व्यवस्था घालून दिली. दुसऱ्याच्या वावरात शिरलेली गाय, म्हैस, गाढव, शेळी, डुक्कर कोंडायचं आणि मालकाने दंड भरला की सोडायचं. त्या यादीत उंट आणि हत्तीसुद्धा आहेत, पण कुत्रं-मांजर नाही. ती पीक खात नाहीत, मग त्यांचा विचार कशाला करायचा? 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. पुढे 1958 चा ग्रामपंचायत कायदा इथे लागू झाला, तरी पंचायतीला हाताशी जनावरं ठेवण्याची जागा होती ती कोंडवाड्याचीच.

शहराचं गणित निराळं. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात कुत्र्यांवर कर लावण्याची तरतूद आहे. 1993 मध्ये अमलात आलेल्या घटनादुरुस्त्यांनीही हा फरक कायम ठेवला. घटनेतल्या शहरांसाठीच्या विषयांच्या यादीत, म्हणजे बाराव्या अनुसूचीत, कोंडवाड्यांसोबत प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय आहे, तर पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन. म्हणजे गावाकडे उत्पन्न देणारं जनावर आलं, सोबत राहणारं आलं नाही. गेल्या दशकात धारणी, भामरागड, समुद्रपूर अशा तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या, तेव्हा तिथल्या कुत्र्यांसाठीही कायदा बदलला. शेजारच्या खेड्यात मात्र जुनीच स्थिती राहिली.

गावात कुत्र्याचा विषय निघतो तो चाव्यानंतर. पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली माणसं आजही गावागावांत आहेत. ती जुनी लस या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली, आता दंडात मोजके डोस पुरतात. तरी रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून कुत्र्यालाच आधी लस टोचणं हा खरा उपाय आहे. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून चालू आहे, पण खेड्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दिवस लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि कृत्रिम रेतनात जातो. हे समजण्यासारखं आहे. बैलजोडी गेली तर घर बसतं. त्यात कुत्र्याची पाळी येतच नाही, आणि ही उणीव मला फार गंभीर वाटते.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळलेलं जनावर विनाकारण सोडून देणं गुन्हा ठरवलं, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि तो आजही तेवढाच आहे. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाच्या 2001 च्या नियमांनी कुत्री मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरणाचा मार्ग घालून दिला. 2023 च्या नव्या नियमांनी पाळीव आणि सामुदायिक प्राणी वेगळे केले. पाळीव प्राण्याची जबाबदारी मालकाची. ज्याच्यावर कुणी हक्क सांगत नाही, त्याच्या नसबंदीची आणि लसीची जबाबदारी स्थानिक संस्थेची. आता जागलीला जाणाऱ्या त्या कुत्र्याचा मालक पुढे आला नाही, तर ते पंचायतीच्या पदरात पडतं. आणि पंचायतीकडे ना शस्त्रक्रियेची खोली, ना डॉक्टर, ना कुत्री पकडायला शिकलेली माणसं. मांजरं तर पशुगणनेतही मोजली जात नाहीत.

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने आणि बसस्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा, पुन्हा तिथेच न सोडण्याचा आदेश दिला. गावात अशी शाळा बहुतेक वेळा जिल्हा परिषदेची असते, आणि निवारा तालुक्याच्या ठिकाणीही सहसा सापडत नाही. त्यासाठी पैसा जिल्हा परिषदेने द्यायचा, पशुसंवर्धन विभागाने की पंचायतीने आपल्या घरपट्टीतून, हे आधी ठरायला हवं. तोवर पंचायतीला आपल्या बळावर करता येण्यासारखं एक काम आहे : घरोघरच्या कुत्र्या-मांजरांची मालकाच्या नावासह नोंदवही, आणि त्या वहीवरून वर्षातून एकदा लसीचं शिबिर.