तळ्याकाठच्या जुन्या भिंती आणि सिमेंटचा गिलावा

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या किंवा कंबर तलावाच्या परिसरातील जुने घर दुरुस्तीला काढले आणि भिंतीच्या खालच्या भागात ओल व लोणा (क्षारांचा पांढरा थर) दिसला, की त्यावर सिमेंटचा पक्का गिलावा करून घ्यावा, असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला चुकीचा असून त्याने भिंतीचे आयुष्य कमी होते.

अशा भिंतींतील काळा दगड स्वतः फारसे पाणी शोषत नाही; परंतु सांध्यांतील चुना, माती आणि विटा यांत सूक्ष्म छिद्रे असतात व पृष्ठताणामुळे जमिनीतील पाणी त्यांतून वर चढते. एक मायक्रोमीटर त्रिज्येच्या नळीत ते तत्त्वतः सुमारे १५ मीटर चढू शकते. प्रत्यक्षात ते बहुधा मीटर-दीड मीटरवर थांबते, कारण वाटेतच भिंतीवरून त्याचे बाष्पीभवन होते. सिमेंटच्या थराने ही वाट अडली, की ओल थराच्या मागून आणखी वर सरकते.

खरे नुकसान मात्र पाण्यासोबत येणारे क्षार करतात. त्यांतील सोडियम सल्फेट विशेष घातक आहे. सुमारे ३२.४ अंश सेल्सिअसच्या वर त्याचे निर्जल स्फटिक बनतात, तर त्याखाली पाण्याचे दहा रेणू सामावलेले स्फटिक बनतात, ज्यांचे आकारमान निर्जल रूपाच्या तिपटीहून अधिक असते. ओल परतली, की निर्जल स्फटिक विरघळतो, ते द्रावण दशजल (दहा रेणू पाणी असलेल्या) स्फटिकाच्या दृष्टीने अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त क्षार असलेले, ठरते आणि त्यातून वाढणारा नवा स्फटिक छिद्राच्या कडांवर इतका दाब टाकतो, की विटेचे पापुद्रे सुटतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि रात्री ३२ अंशांच्या खाली येते. त्यामुळे ऊन लागणाऱ्या भिंतीत दोन्ही अवस्थांना पोषक स्थिती आलटून पालटून येते.

अशा ओलीला वास्तुदोष मानून दारे-खिडक्या हलवण्यावर पैसे घालवणे मला खेदजनक वाटते, कारण त्याने जमिनीतील पाणी यत्किंचितही कमी होत नाही.

चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून बाहेर पडते, क्षार बऱ्याच अंशी त्या थरातच साचतात आणि झिजतो तो गिलावा, भिंत नव्हे. म्हणून आधी जोत्याभोवतीच्या पाण्याचा निचरा करावा, जुने सिमेंट हलक्या हाताने खरवडावे आणि मगच चुना लावावा. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना कठीण होण्यास ओलावा लागतो. त्यामुळे हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नये, आणि काढावेच लागले तर ओले गोणपाट लावून गिलावा सावकाश वाळू द्यावा.