चष्म्याचा नंबर आणि डोळ्याचा पडदा

एके सकाळी मामांच्या डाव्या डोळ्यासमोर काजळीचे धागे तरंगायला लागले. त्यांनी चष्मा पुसला, डोळे धुतले, तरी धागे तिथंच. दोन दिवसांत धाग्यांचं जाळं झालं. मधुमेह १४ वर्षांचा, गोळ्या नेमानं चालू. आणि डोळे? "दरवर्षी तपासतो की," मामा म्हणाले. खोटं नव्हतं ते. दरवर्षी ते चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून घेत होते.

नंबर काढताना समोरची अक्षरं वाचता येतात का, एवढंच कळतं. डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, त्यात तपासलं जात नाही. मधुमेहाचा मार नेमका तिथं बसतो. पडद्यातल्या रक्तवाहिन्या केसाहून कितीतरी बारीक असतात. वर्षानुवर्षं जास्त साखरेचं रक्त वाहत राहिलं की त्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरतात आणि भिंतींना बारीक फुगे येतात. तपासताना ते लाल ठिपक्यांसारखे दिसतात. पुढे भिंती पाझरू लागतात, पडद्याला सूज येते, पिवळट डाग साचतात. काही वाहिन्या तर बंदच पडतात. मग उपाशी राहिलेला भाग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून नव्या वाहिन्या मागवतो. त्या येतात, पण घाईत उभारलेल्या बांधकामासारख्या कच्च्या. फुटल्या की रक्त डोळ्यातल्या जेलीत उतरतं. मामांची काजळी ती हीच.

यातलं काहीही दुखत नाही. पडद्याचा मधला भाग शाबूत असेपर्यंत माणूस तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचतो. आणि अंधुक दिसू लागलंच, तर 'मोतीबिंदू असेल, पिकू दे' म्हणून आणखी वर्ष जातं.

पडद्याचा हा आजार किती जणांना होतो? भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीचा २०२३ मधला अंदाज. चाळिशीपुढच्या लोकांची जी मोठी पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर खुणा सापडल्या आणि ४ टक्क्यांची नजरच धोक्यात होती. म्हणजे चाळिशीपुढची सुमारे ३० लाख माणसं. त्याआधी २०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीपुढच्यांची सरकारी पाहणी झाली, तिच्यातला आकडा १६.९ टक्के. जगाची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास धरतात. आपला आकडा कमी म्हणून खूश व्हावं, असं मला वाटत नाही. घरोघर फिरून केलेल्या पाहणीत त्याच दिवशी मधुमेह कळलेले लोकही मोजले जातात, आणि त्यांच्यामुळे टक्केवारी खाली येते. मला जास्त बोचतो तो सरकारी पाहणीतलाच दुसरा आकडा. मधुमेह असल्याचं माहीत असलेल्यांपैकी ९० टक्के लोकांनी पडदा कधीच तपासून घेतला नव्हता.

खरा हिशेब वर्षांचा असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९८०च्या सुमारास एक गाजलेली पाहणी झाली. तरुणपणी मधुमेह झालेल्यांत पहिल्या पाच वर्षांत १७ टक्के जणांच्या पडद्यावर खुणा होत्या, १५ वर्षांनंतर मात्र जवळजवळ सगळ्यांच्याच. आजचे उपचार चांगले आहेत, त्यामुळे आता चित्र इतकं वाईट नाही. पण तिथली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उतारवयात मधुमेह झालेल्यांत पहिल्या पाच वर्षांतच हे प्रमाण २९ टक्क्यांच्या जवळ होतं. कारण सहसा मोठ्या वयात होणारा टाइप-२ मधुमेह रिपोर्टमध्ये दिसण्याआधी कितीतरी वर्षं गुपचूप घरात राहत असतो. "बॉर्डरवर आहे" म्हणत काढलेली वर्षंही पडद्याच्या खात्यावर चढतात. म्हणून टाइप-२ मध्ये पडद्याची तपासणी निदान झाल्याबरोबर करायची, सहसा लहान वयात होणाऱ्या टाइप-१ मध्ये पाच वर्षांच्या आत.

वर्षांच्या खालोखाल साखर. टाइप-१च्या १,४४१ रुग्णांवरचा डीसीसीटी हा प्रयोग १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ९ ऐवजी ७ च्या आसपास ठेवल्यावर नव्यानं पडद्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. गंमत अशी की साखर झपाट्यानं खाली आणली तेव्हा आधीच खुणा असलेल्या काहींचे डोळे पहिल्या वर्षात थोडे बिघडले, आणि पुढे मात्र फायदाच झाला. म्हणून औषध एकदम वाढवण्याआधी पडदा बघून घेतलेला बरा.

बीपी लोक विसरतात. ब्रिटनमधल्या १९९८च्या अभ्यासात वरचा आकडा १५४ ऐवजी १४४ ठेवला, तेवढ्यानं पडद्याचा आजार वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंडाचा त्रास, लघवीतून जाणारं प्रथिन, रक्तातली चरबी, रक्तक्षय हेही यात भर घालतात. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पडद्याचा आजार वेगानं वाढू शकतो. गरोदरपणातच पहिल्यांदा साखर वाढली असेल, तर सहसा ही भीती नसते.

मामांच्या डाव्या डोळ्यावर लेझर झालं, नंतर डोळ्यात इंजेक्शनं. उजव्या डोळ्यात पाझर नुकता सुरू झाला होता, तो वेळेत सापडला. आता दर चार महिन्यांनी मी त्यांना घेऊन जातो. नर्स बाहुली मोठी करायचे थेंब टाकते, मग अर्धा-पाऊण तास बाकावर डोळे मिटून बसायचं. परतताना ऊन टोचतं, मोबाइलवरची अक्षरं संध्याकाळपर्यंत पुसट दिसतात. स्कूटर मीच चालवतो, आणि मामा मागे काळा चष्मा लावून बसतात.