घरबसल्या दारू मागवायची आहे? आधी परवाना काढा

आमच्या कोल्हापूरच्या सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, नॉन-क्रिमिलेअरसाठी आलेली माणसे मोठ्याने बोलतात. मद्यपरवान्यासाठी आलेला माणूस मात्र गर्दी ओसरायची वाट बघतो आणि मग काउंटरवर वाकून हळूच विचारतो, "ताई, ते दारूचं लायसन निघतं का हो तुमच्याकडं?" निघते. त्यात लाजायचे काही कारण नाही. तो माणूस कायद्याप्रमाणे वागायला निघालेला असतो, आणि त्याला नीट माहिती मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

हे लिहायला बसले ते आमच्या गल्लीतल्या एका काकांमुळे. मुलाच्या साखरपुड्याला मुंबईचे पाहुणे येणार होते. काकांनी मोबाईलवर शोधले, एका ओळखीच्या वाईन शॉपच्या नावाखाली नंबर सापडला. समोरच्याने गोड बोलून यादी घेतली, क्यूआर कोड पाठवला, काकांनी पैसे भरले. मग "नोंदणीचे" म्हणून आणखी मागितले, तेही भरले. मग "ते परत करतो, हा दुसरा कोड स्कॅन करा" म्हणाला आणि त्यातही पैसे गेले. बाटली आलीच नाही. त्या दुकानाचा या सगळ्याशी संबंधच नव्हता, नाव तेवढे चोरलेले. काकांनी ही गोष्ट मला सांगितली ती दहा दिवसांनी. मी विचारले, पोलिसांत का नाही गेलात? म्हणाले, "परवाना कुठं हाय पोरी माझ्याकडं? मलाच आत घालतील." त्या भीतीपोटी त्यांचे कष्टाचे पैसे गेले. म्हणून मागवायचे कसे याच्याही आधी परवान्याविषयी सांगते.

परवाना लागतोच का?

लागतो. आपल्या राज्यातला कायदा मुळात दारूबंदीचा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, त्याचेच आताचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. या कायद्याच्या हिशोबाने दारू बाळगणे, नेणे, पिणे या गोष्टींना मनाई हा नियम आहे आणि परवाना हा त्या नियमाला दिलेला अपवाद. शाहूपुरीत किंवा स्टेशन रोडला आपण "परमिट रूम" अशी पाटी वाचतो, ते नाव यातूनच आले आहे. परवाना असलेल्यांनी बसून प्यायची ती खोली. पाटी आपण रोज वाचतो, पण ते परमिट दुकानदाराचे नसून आपले असायला हवे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दुकानदाराचा परवाना वेगळा. सीलबंद बाटली विकणारे वाईन शॉप म्हणजे एफएल-२, परमिट रूम म्हणजे एफएल-३, बिअर शॉपी म्हणजे एफएल/बीआर-२ आणि देशी दारूचे दुकान म्हणजे सीएल-३. वाईन शॉपने आत बसवून प्यायला देणे बेकायदेशीर. ढाब्यावर चोरून बसवतात तिथे धाड पडली तर कलम ६८ खाली मालकावर आणि कलम ८४ खाली पिणाऱ्यावर गुन्हा होतो. खिशात आजन्म परवाना असला तरी तो त्या ढाब्यावर उपयोगाला येत नाही, कारण ती जागाच अनधिकृत असते.

कागदपत्रांत दिसणारा "विदेशी मद्य" हा शब्द पुष्कळांना गोंधळात टाकतो. आपल्याच राज्यात तयार झालेली व्हिस्की, रम, ब्रँडी आणि बिअरसुद्धा कायद्याच्या भाषेत विदेशी मद्यातच येते. परदेशातून आलेली बाटली एवढाच त्याचा अर्थ नाही. त्यामुळे अर्ज करताना "आम्ही काय फॉरेनची पीत नाही" म्हणून देशीच्या रकान्यावर खूण करू नका.

वय किती हवे

बिअर-वाईनसारख्या सौम्य मद्यासाठी २१ वर्षे पूर्ण, बाकी मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण. २०११ च्या व्यसनमुक्ती धोरणापासून ही मर्यादा वाढली. बावीस-तेवीस वर्षांची मुले येतात, म्हणतात मतदान करता येते, लग्न करता येते, मग हे का नाही? त्यांना मी एवढेच सांगते की वय लपवून भरलेला अर्ज आधारवरच्या जन्मतारखेशी जुळत नाही आणि खोट्या माहितीचा डाग मात्र तुमच्या नावावर राहतो.

परवान्याचे तीन प्रकार आणि त्यांचा खर्च

एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजन्म. एक दिवसाच्या परवान्याची फी विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. तो वाईन शॉपमध्ये किंवा परमिट रूममध्ये मिळतो, दुकानदाराकडे त्यांची पुस्तके असतात. वर्षाचा परवाना १०० रुपयांत आणि आजन्म १,००० रुपयांत. सेवा केंद्रातून अर्ज भरला तर केंद्राचे शुल्क वेगळे द्यावे लागते, त्याची पावती मागून घ्या. "साहेबांना द्यायचे" म्हणून कोणी दोन-तीन हजार मागत असेल तर तिथून उठा. या कामाला मध्यस्थ लागत नाही.

वर्षातून एखाद्या वेळीच, थर्टी फर्स्टला किंवा पन्हाळ्याच्या सहलीला घेणार असाल तर एक दिवसाचा परवाना पुरतो. घरी बाटली ठेवणारे, गाडीतून नेणारे किंवा मागवणारे असाल तर माझे स्पष्ट मत आजन्म परवान्याच्या बाजूने आहे. एकदा १,००० रुपये गेले की दरवर्षी तारीख लक्षात ठेवायची कटकट संपते, आणि वाटेत तपासणी झाली तर दाखवायला कागद हातात असतो. परवानाधारकाला महिन्याला १२ युनिटपर्यंतची मर्यादा आहे; युनिट म्हणजे दारू मोजायचे सरकारी माप. परवाना म्हणजे हवी तेवढी पेट्यांची थप्पी लावायची मोकळीक, असा समज करून घेऊ नका.

अर्ज कसा भरायचा

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाईन सेवांमध्ये वैयक्तिक मद्यपरवान्याचा अर्ज आहे. आधी मोबाईल नंबर टाकून खाते तयार करायचे, ओटीपी येतो. पत्ता "गव्ह डॉट इन" ने संपतोय का ते डोळ्यांनी बघूनच पुढे जा. हुबेहूब दिसणारी खोटी पाने तयार करणारे लोक आहेत, आणि अर्जात आपण आधार क्रमांक, पत्ता, फोटो सगळे देत असतो.

लागणारी कागदपत्रे थोडीच आहेत. पासपोर्ट आकाराचा फोटो, सहीचा स्कॅन, ओळखीचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यांतले जे असेल ते. जन्मतारीख पूर्ण छापलेली असेल असे एक कागदपत्र त्यात नक्की हवे. जुन्या आधार कार्डावर नुसते जन्मवर्ष असते, तिथे वयाचा पुरावा अडतो. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन जोडा.

माझ्या अनुभवात अर्ज अडकतात ते दोन कारणांनी. एक, नावातला फरक. आधारवर "पाटील संभाजी" आणि पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव. दुसरे, पत्ता. माणूस राहतो पाचगावात किंवा उजळाईवाडीत, आणि आधारवर पत्ता अजून गावाकडचा, भुदरगड नाहीतर शाहूवाडी तालुक्यातला. अर्जात जिल्हा आणि तालुका निवडताना कागदावर जो पत्ता आहे तोच निवडा. नव्या पत्त्यावर परवाना हवा असेल तर आधी आधार दुरुस्त करा आणि मग अर्जाला बसा. घरपोच मागवण्याच्या दृष्टीने तर पत्ता फारच महत्त्वाचा, ते पुढे येतेच. फोटो मोबाईलवर काढलेला चालतो, पण सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करा. वहीच्या रेघांवरची सही स्कॅनमध्ये खराब दिसते.

फी ऑनलाईन भरली की अर्जाचा क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा. मंजूर झालेला परवाना त्याच खात्यातून डाऊनलोड होतो. एक प्रिंट गाडीच्या कागदांसोबत ठेवा, एक प्रत मोबाईलमध्ये. काही अडले तर जिल्ह्याचे काम बघणारे अधिकारी म्हणजे अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, कोल्हापूर. त्यांच्या कार्यालयात अर्जाचा क्रमांक घेऊन गेलात तर उत्तर मिळते.

आता ऑनलाईन मागवण्याचे

दारू हा विषय राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे ओडिशात किंवा पश्चिम बंगालमध्ये जेवणाच्या ॲपवरून दारू घरी येते अशी बातमी वाचली, तरी ती सोय आपोआप कोल्हापुरात लागू होत नाही. आपल्याकडे मे २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे दुकानांपुढच्या रांगा टाळण्यासाठी सरकारने घरपोच देण्याची परवानगी दिली होती. त्या व्यवस्थेच्या अटी नीट वाचल्या तर कायद्याची नजर कळते. देणारे दुकान परवानाधारक हवे, घेणारा ग्राहक परवानाधारक हवा, माल त्याच्या घरच्या पत्त्यावरच जायला हवा, किंमत छापील, आणि माल नेणाऱ्या माणसाकडे उत्पादन शुल्क विभागाचे ओळखपत्र. ती सवलत त्या काळापुरती होती. गोदामातून थेट ग्राहकाला दारू पाठवणारे, परवाना नसलेले "ऑनलाईन दुकान" त्यातही कुठे बसत नव्हते.

म्हणून आज कोणी घरपोच देतो म्हणत असेल, तर मी सांगते ते असे. ज्या वाईन शॉपमधून घ्यायचे तिथे एकदा स्वतः जा. भिंतीवर लावलेला परवाना बघा, घरपोच देतात का आणि कोणत्या परवानगीने ते विचारा, फोन नंबर तिथल्या माणसाकडूनच घ्या. नकाशावरच्या नोंदीत दिसणारा नंबर खरा धरू नका, कारण तो कोणीही बदलून टाकू शकतो. जे दुकान तुमचा परवाना क्रमांक विचारतच नाही, वय विचारत नाही, त्याच्याकडून काहीच घेऊ नका. खरा दुकानदार हे विचारतोच, कारण त्याचाही परवाना पणाला लागलेला असतो.

पैसे आगाऊ भरू नका. माल हातात, सील शाबूत, मग पैसे. आणि हे तर घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. "परत पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा चोरच असतो. काकांचे निम्म्याहून अधिक पैसे या एका वाक्यावर गेले.

किमतीवरूनही ओळखता येते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा १८० मिलीची किमान किरकोळ किंमत देशीला ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकरला (राज्यातच धान्यापासून बनणारे मद्य) १४८, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला २०५ आणि प्रीमियम विदेशी ब्रँडला ३६० रुपये अशी ठरली. क्वार्टरच २०५ ची, तर त्या हिशोबाने खंबा, म्हणजे पूर्ण बाटली, साडेआठशेच्या आसपास जाणारच. कोणी नावाजलेल्या व्हिस्कीचा खंबा चारशेला घरी आणून देतो म्हणत असेल, तर एक तर पैसे बुडणार किंवा बाटलीत दुसरेच काही निघणार. यातले दुसरे जास्त भयंकर आहे. बनावट दारूत मिथेनॉल असले तर डोळे जातात, जीवही जातो.

गोव्याची आणि निपाणीची बाटली

आपला जिल्हा कर्नाटकाला लागून आहे आणि गोवाही जवळच, म्हणून हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारते. गोव्यातून येताना स्वस्तातली बाटली गाडीत टाकली तर? नका टाकू. आपल्याकडच्या बाटलीवर "फक्त महाराष्ट्र राज्यात विक्रीसाठी" असे छापलेले असते, गोव्याच्या बाटलीवर गोव्याचे. तिचा कर महाराष्ट्राला मिळालेला नसतो, त्यामुळे तुमचा आजन्म परवाना तिथे ढाल होत नाही. आंबोली, आजरा, चंदगड, गगनबावडा, राधानगरीच्या रस्त्यांवर भरारी पथके गाड्या तपासतात, आणि मुद्देमालाबरोबर गाडीही जप्त होते. कोगनोळीच्या पलीकडून, निपाणीहून आणलेल्या कर्नाटकच्या बाटलीलाही हेच लागू. "गोव्याचा माल घरपोच" असा निरोप मोबाईलवर आला, तर तो तस्करीचाच निरोप समजा.

ड्राय डे आणि घरचा कार्यक्रम

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी हे बंदचे दिवस. मतदान संपण्याआधीचे ४८ तासही बंद, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-सी प्रमाणे. गणेश विसर्जनासारख्या वेळी जिल्हाधिकारी दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली वेगळा आदेश काढू शकतात, म्हणून त्या आठवड्यात पेपर बघत जा. ज्या दिवशी दुकान बंद, त्या दिवशी घरपोच देतो म्हणणारा कायदेशीर असूच शकत नाही.

घरी चार मित्र परवान्यासह बसले तर निराळी गोष्ट. पण हॉल किंवा फार्महाऊस घेऊन पाहुण्यांना मद्य द्यायचे असेल तर त्या जागेसाठी एका दिवसाचा तात्पुरता परवाना उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यावा लागतो. काकांच्या साखरपुड्यालाही खरे तर तोच लागला असता. आणि कार्यक्रमानंतर गाडी चालवायला न पिणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडले की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. मद्यपरवाना दाखवून ते टळत नाही.

फसवणूक झालीच तर

पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त असते. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा मोबाईल नंबर, क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट, झालेले बोलणे, काहीही पुसू नका. बँकेला कळवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. बनावट किंवा परराज्यातील दारूची माहिती द्यायची असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा टोल फ्री क्रमांक १८०० ८३३ ३३३३ आहे.

परवाना नव्हता म्हणून गप्प बसू नका. पैसे चोरीला गेले आहेत, आणि चोरीची तक्रार करायला मद्यपरवाना लागत नाही. काकांसोबत मी पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा तिथल्या हवालदारांनी परवान्याचे नावही काढले नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "दहा दिवस का थांबलात?"