प्रकाशतंतू केबल आणि कनेक्टर यांची निवड

संगणकीय किंवा दूरसंचार जाळे उभारताना प्रकाशतंतूचा (प्रकाशरूपाने संकेत वाहणाऱ्या काचेच्या बारीक धाग्याचा) प्रकार, त्याभोवतीच्या केबलची बांधणी आणि दोन्ही टोकांना बसवायचे कनेक्टर निश्चित करण्याची प्रक्रिया. हे तीन निर्णय वरवर वेगळे दिसत असले, तरी त्यांची पारख एकाच हिशेबात होते : प्रेषकाने पाठवलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश ग्राहीपर्यंत पोहोचतो आणि वाटेत त्याचे स्पंद, म्हणजे संकेत वाहणारे क्षणिक ठोके, किती पसरतात. जाळ्यातील स्विच (संकेत योग्य मार्गाला वळवणारी यंत्रे) आणि ट्रान्सीव्हर (विद्युत संकेताचा प्रकाश व प्रकाशाचा विद्युत संकेत करणारी यंत्रे) काही वर्षांनी बदलले जातात. भिंतीत, नळीत किंवा जमिनीखाली गेलेली केबल मात्र यंत्रसामग्रीच्या दोन-तीन पिढ्या तिथेच राहते. म्हणून केवळ आज लागणाऱ्या वेगाकडे पाहून तंतू निवडणे ही या कामातील सर्वांत महाग पडणारी चूक होय.

पार्श्वभूमी : १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमधील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये काम करत असताना असे दाखवले, की काचेत प्रकाश नष्ट होण्याचे मुख्य कारण काचेचा स्वभाव नसून तिच्यातील अशुद्धी आहे, आणि क्षीणन, म्हणजे वाटेत प्रकाशाची होणारी घट, किलोमीटरमागे २० डेसिबेलांच्या खाली आणता आले तर काचतंतू दूरसंचारासाठी वापरता येतील. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीतील रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी या मर्यादेखालचे क्षीणन असलेला तंतू बनवला. काओ यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. २० डेसिबेल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरणे. आजच्या चांगल्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला क्षीणन किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबेल असते. म्हणजे तेव्हा एका किलोमीटरसाठी जे उद्दिष्ट होते, ते आज शंभर किलोमीटरांवर गाठले जाते.

तंतूचा प्रकार : तंतूत मधोमध काचेचा गाभा आणि त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाचे काचेचेच आवरण असते, दोहोंच्या सीमेवर पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन प्रकाश गाभ्यात कोंडला जातो. जाळ्यांत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या तंतूंत आवरणाचा बाह्य व्यास १२५ मायक्रोमीटरच असतो, फरक पडतो तो गाभ्यात. सिंगल मोड तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर असतो आणि त्यातून प्रकाश एकाच रीतीने पुढे सरकतो. मल्टिमोड तंतूचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटरचा असल्याने प्रकाशाला अनेक वाटा मिळतात, त्या सर्व वाटांना सारखाच वेळ लागत नाही आणि परिणामी स्पंद पसरत जाऊन शेजारच्या स्पंदात मिसळतो. गाभ्याचा अपवर्तनांक मध्यापासून कडेकडे हळूहळू कमी करत नेला, की लांबच्या वाटेने जाणारा प्रकाश अधिक वेगाने जातो आणि हा दोष बराच कमी होतो. पूर्णपणे मात्र जात नाही.

मल्टिमोड तंतूंची ओएम१ ते ओएम५ ही श्रेणी याच दोषावर किती मात केली आहे ते सांगते. ओएम१ हा ६२.५ मायक्रोमीटरचा, तर पुढचे चारही प्रकार ५० मायक्रोमीटरचे असतात; ओएम३ पासूनचे तंतू ८५० नॅनोमीटरच्या लेसरसाठी खास घडवलेले असतात. दर सेकंदाला १० गिगाबिट वेगाच्या एसआर (कमी पल्ल्याच्या) जातीच्या ईथरनेटला ओएम१ वर अवघे ३३ मीटर, ओएम२ वर ८२, ओएम३ वर ३०० आणि ओएम४ वर ४०० मीटर अंतर मिळते. वेग १०० गिगाबिटांवर नेला, तर एसआर४ पद्धतीत ओएम३ वर ७० आणि ओएम४ वर १०० मीटरच उरतात. ओएम५ ची खासियत अशी, की ८५० ते ९५० नॅनोमीटर या पट्ट्यात अनेक तरंगलांबी एकाच तंतूतून नेता येतात. तशी यंत्रे वापरायची नसतील, तर त्याचा ओएम४ पेक्षा विशेष लाभ होत नाही.

सिंगल मोड तंतूला वेगवाढीचा असा फटका बसत नाही. १० गिगाबिटांच्या एलआर (लांब पल्ल्याच्या) पद्धतीला त्यावर १० किलोमीटर अंतर मिळते आणि १०० गिगाबिटांच्या एलआर४ पद्धतीलाही तेवढेच मिळते. बदलतात ती फक्त टोकांची यंत्रे. मल्टिमोड आजवर टिकून राहिला तो ट्रान्सीव्हरच्या किमतीमुळे. मोठ्या गाभ्यात प्रकाश सोडणे सोपे असल्याने त्याला स्वस्त लेसर पुरतात, तर ९ मायक्रोमीटरच्या गाभ्याशी लेसर अचूक जुळवण्याचे काम खर्चिक असते. गंमत अशी, की तंतू म्हणून सिंगल मोडच मल्टिमोडपेक्षा स्वस्त पडतो. एका दालनातील उपकरणांच्या रांगांपुरत्या जोडण्यांना ओएम४ योग्य ठरतो. पण मजल्यांना किंवा इमारतींना जोडणाऱ्या मुख्य मार्गावर आज सिंगल मोडखेरीज दुसरे काही टाकण्याचे सबळ कारण राहिलेले नाही. नव्या कामात ओएम१ आणि ओएम२ मुळीच वापरू नयेत. जुन्या जाळ्याला जोड देताना मात्र तिथे कोणता तंतू आहे हे आधी पाहावे लागते, कारण ६२.५ मायक्रोमीटरच्या गाभ्यातून ५० मायक्रोमीटरच्या गाभ्यात शिरताना केवळ क्षेत्रफळातील फरकानेच सुमारे २ डेसिबेल प्रकाश बाहेर सांडतो.

सिंगल मोडमध्येही भेद आहेत. केबलयुक्त तंतूच्या वर्गवारीत ओएस१ साठी किलोमीटरमागे १.० डेसिबेल, तर ओएस२ साठी ०.४ डेसिबेल क्षीणनाची कमाल मर्यादा आहे. जुन्या तंतूंत १३८३ नॅनोमीटरच्या आसपास काचेत अडकलेल्या हायड्रॉक्सिल आयनांमुळे प्रकाश शोषला जाई, जी.६५२.डी या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार बनवलेल्या तंतूत हा उंचवटा सपाट केलेला असतो, त्यामुळे हा पट्टाही वापरता येतो. जी.६५७ हा वाक सहन करणाऱ्या तंतूंचा वर्ग आहे. त्यातील ए१ प्रकार १० मिलिमीटर, ए२ प्रकार ७.५ मिलिमीटर आणि बी३ प्रकार ५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळवता येतो. ए गटातील तंतू जी.६५२.डी शी सुसंगत असल्याने दोन्ही एकमेकांना बिनधास्त जोडता येतात. घरांच्या आणि कार्यालयांच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून केबल न्यायची असेल, तर जी.६५७ साठी द्यावी लागणारी थोडी जास्त किंमत पूर्णपणे वसूल होते.

केबलची बांधणी : तंतू तोच असला, तरी तो कुठून जाणार यावर त्याचे कवच ठरते. बाहेरच्या केबलमध्ये तंतू सैल नळ्यांत ठेवलेले असतात आणि नळीपेक्षा तंतूची लांबी किंचित जास्त असते. थंडी-उन्हात केबल आकुंचन-प्रसरण पावली तरी ताण काचेवर येत नाही. पाणी आत शिरू नये म्हणून नळीत जेल किंवा पाण्याने फुगणारे सूत भरतात. आतल्या केबलमध्ये प्रत्येक तंतूवर ९०० मायक्रोमीटर बाह्य व्यासाचे घट्ट वेष्टन असते, ज्यावर थेट कनेक्टर बसवता येतो आणि हाताळणीही सोपी जाते.

बाहेरच्या केबलचे काळे पॉलिएथिलीन आवरण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांना दाद देत नाही, पण ते सहज पेट घेते. म्हणून अशी केबल इमारतीत फार आत न नेता प्रवेशाजवळच तिचे आतल्या केबलशी स्प्लायसिंग (तंतूंची कायमची जोडणी) करतात, किंवा दोन्हीकडे चालणारी केबल निवडतात. इमारतीतील केबलसाठी कमी धूर करणारे आणि हॅलोजनरहित आवरण, तसेच उभ्या नळमार्गासाठी आणि वातानुकूलनाच्या हवेच्या पोकळीसाठी वेगवेगळे अग्निरोधक दर्जे असतात. स्थानिक अग्निसुरक्षा नियम कोणता दर्जा मागतात हे पाहूनच आवरण ठरवावे, कारण आगीत माणसांचा श्वास कोंडतो तो बहुधा धुरामुळे.

थेट मातीत पुरायच्या किंवा उंदीर-घुशींचा उपद्रव असलेल्या मार्गावरील केबलला नालीदार पोलादी पत्र्याचे चिलखत लागते. चिलखत धातूचे असल्याने ते भूसंपर्कित करणे अनिवार्य ठरते. वीजवाहिन्यांच्या खांबांवरून जाणारी केबल याच कारणाने संपूर्णपणे अवाहक, स्वतःचे वजन पेलणारी घेतात.

केबलमध्ये किती तंतू असावेत, या प्रश्नावर काटकसर करू नये. खोदकाम, नळ्या आणि मजुरी यांच्या तुलनेत जादा तंतूंची किंमत अत्यल्प असते. आजच्या गरजेच्या निदान दुप्पट तंतू टाकणे हा सावध हिशेब होय. बारा-बारांच्या गटात तंतू ओळखण्यासाठी निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि फिकट निळसर-हिरवा असा ठरलेला रंगक्रम वापरला जातो. केबल ओढताना ताण बाहेरच्या आवरणावर न देता आतल्या अरामिड धाग्यांवर किंवा मधल्या कांबीवर द्यावा. ओढतेवेळी वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या २० पटींपेक्षा आणि बसवल्यावर १० पटींपेक्षा कमी होऊ न देणे हा सर्वमान्य दंडक आहे. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा.

कनेक्टर : कनेक्टरचे खरे काम दोन केसांएवढ्या काचा समोरासमोर, मायक्रोमीटरच्या अचूकतेने धरून ठेवणे हे आहे. हे काम झिर्कोनिया सिरॅमिकची नळकांडी म्हणजे फेरूल करते. एससी, एसटी आणि एफसी या कनेक्टर-प्रकारांचे फेरूल २.५ मिलिमीटर व्यासाचे, तर एलसीचे १.२५ मिलिमीटरचे असते. एसटी फिरवून अडकवायचा आणि एफसी आट्यांनी घट्ट करायचा प्रकार आहे. पहिला आता जुन्या मल्टिमोड जाळ्यांत, तर दुसरा मोजमापाच्या उपकरणांवर दिसतो. चौकोनी, सरळ ढकलून बसणारा एससी दूरसंचाराच्या वाहिन्यांत आणि घरापर्यंतच्या फायबरमध्ये रुळलेला आहे. स्विच आणि ट्रान्सीव्हरवर मात्र छोट्या एलसीने जवळपास सर्व जागा व्यापली आहे, कारण तेवढ्याच पट्टीत दुप्पट जोड मावतात. एमपीओ या कनेक्टरमध्ये एकाच फेरूलात ८, १२, १६, २४ असे अनेक तंतू एका वेळी जुळतात. त्यात एका बाजूला मार्गदर्शक पिना असलेले आणि दुसऱ्या बाजूला पिना नसलेले टोक लागते. शिवाय प्रेषकाचा तंतू समोरच्या ग्राहीवरच उतरावा यासाठी ए, बी आणि सी या तीन ध्रुवता-पद्धतींपैकी एक निवडून ती संपूर्ण जाळ्यात पाळावी लागते. खरेदीच्या आधी हे कागदावर न ठरवल्यास, केबल उत्तम असूनही यंत्रांवरील जोडणीचे दिवे पेटत नाहीत.

फेरूलच्या तोंडाची घासणी हा आकारापेक्षाही महत्त्वाचा भाग आहे. यूपीसी घासणीत तोंड किंचित घुमटाकार असते आणि परत उलटणारा प्रकाश मूळच्यापेक्षा सुमारे ५० डेसिबेलांनी कमी असतो. एपीसीमध्ये तोंड ८ अंशांनी तिरके असल्याने उलटलेला प्रकाश गाभ्याबाहेर फेकला जातो आणि हा आकडा ६० डेसिबेलांच्या घरात जातो. सिंगल मोडमध्ये निळा कनेक्टर यूपीसीचा आणि हिरवा एपीसीचा, ही रंगांची खूण आहे. घरापर्यंतच्या निष्क्रिय (वाटेत वीज न लागणाऱ्या) प्रकाशीय जाळ्यात, विशेषतः १५५० नॅनोमीटरवर दूरचित्रवाणीचा संकेत जात असेल तिथे, उलटलेला प्रकाश थेट त्रास देतो, म्हणून हिरवे कनेक्टर वापरतात. निळा आणि हिरवा एकमेकांत कधीही घालू नयेत : सरळ आणि तिरक्या तोंडांमध्ये फट राहते, प्रकाश वाया जातो आणि दोन्ही तोंडे ओरखडली जाऊ शकतात.

केबलच्या आवरणाचे रंगही ओळखीसाठीच असतात. सिंगल मोड पिवळी, ओएम१ व ओएम२ नारिंगी, ओएम३ निळसर-हिरवी, ओएम४ तशीच किंवा जांभळट-गुलाबी आणि ओएम५ पोपटी असते. तरीही केवळ रंगावर न विसंबता आवरणावर छापलेला मजकूर वाचावा, कारण बाहेरची केबल बहुधा काळीच असते.

टोकाला कनेक्टर बसवण्याचे तीन मार्ग आहेत. कारखान्यात कनेक्टर लावलेल्या छोट्या तंतूचे, म्हणजे पिगटेलचे, वितळवून स्प्लायसिंग करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग असून त्या जोडात सहसा ०.१ डेसिबेलपेक्षा कमी प्रकाश जातो. जागेवर बसवायचे यांत्रिक कनेक्टर झटपट दुरुस्तीला ठीक असतात. एमपीओसारख्या बहुतंतू जोडांसाठी कारखान्यातूनच टोके लावून आणलेली केबल घेणे शहाणपणाचे असते, मात्र तिची लांबी आधी अचूक मोजावी लागते.

क्षयाचा हिशेब : वरील सर्व निवडी शेवटी एका बेरजेत येऊन मिळतात. १० गिगाबिटांच्या एलआर पद्धतीत संपूर्ण मार्गावर ६.२ डेसिबेल क्षय, म्हणजे तंतू आणि जोड मिळून प्रकाशाची घट, चालतो. समजा, मार्ग ८ किलोमीटरचा आहे. ओएस२ ची कमाल मर्यादा धरून तंतूत ३.२ डेसिबेल, प्रमाणकांनुसार प्रत्येकी ०.७५ डेसिबेलच्या दोन कनेक्टर-जोड्यांत १.५ आणि प्रत्येकी ०.३ च्या तीन स्प्लाइसमध्ये ०.९, मिळून ५.६ डेसिबेल होतात. हे मर्यादेत बसते. मधे सोयीसाठी एकच पॅच पॅनेल (केबली जोडण्याची पट्टी) वाढवले, की बेरीज ६.३५ वर जाऊन हिशेब कागदावर मोडतो. चांगल्या कनेक्टरमध्ये प्रत्यक्ष क्षय ०.२ ते ०.३ डेसिबेलच असल्याने मार्ग चालेलही, पण आराखडा कमाल आकड्यांवरच करावा, म्हणजे पुढे होणाऱ्या दुरुस्त्यांना जागा राहते. आखूड मल्टिमोड मार्गावर कनेक्टरच अधिक भारी पडतात : ओएम३ च्या ३०० मीटरांसाठी एकूण मुभा २.६ डेसिबेल असून त्यातील १.५ डेसिबेलच जोडांच्या वाट्याला येतात. चार जोड हवे असतील, तर कमी क्षयाचे कनेक्टर मागवणे भाग पडते. याच्या उलट, ४० किलोमीटरसाठीचा ट्रान्सीव्हर आखूड मार्गावर लावल्यास जास्त प्रकाशाने ग्राही निकामी होऊ शकतो. तिथे मुद्दाम क्षीणक बसवतात.

तपासणी : काम संपल्यावर प्रकाशस्रोत आणि शक्तिमापक यांनी संपूर्ण मार्गाचा क्षय मोजतात, आणि तंतूत स्पंद सोडून परत आलेला प्रकाश मोजणाऱ्या ओटीडीआर या उपकरणाने प्रत्येक स्प्लाइस व कनेक्टर मार्गावर कुठे आहे आणि तिथे किती प्रकाश जातो हे पाहतात. त्याआधी प्रत्येक कनेक्टरचे तोंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, गरज असल्यास पुसून, पुन्हा तपासावे. सिंगल मोडच्या ९ मायक्रोमीटर गाभ्यावर धुळीचा एक कणही बराचसा प्रकाश अडवू शकतो, आणि कनेक्टर दाबून बसवला की तो कण काचेत रुतून दोन्ही तोंडे कायमची खराब करतो. हे नुकसान जोडलेल्या प्रत्येक नव्या पॅच कॉर्डकडेही (टोकांना कनेक्टर लावलेल्या छोट्या जोडकेबलकडेही) पसरते. वापरातील प्रकाश अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चालू तंतूचे टोक कधीही डोळ्यासमोर धरू नये. उभारणीच्या दिवशीचे ओटीडीआरचे आलेख तंतूच्या क्रमांकासह जपून ठेवतात, कारण पुढे क्षय वाढल्यास नव्या आलेखाशी त्यांची तुलना करूनच दोष कोणत्या जोडात आहे हे कळते.