विमानबांधणीचे पदार्थ : भौतिक आणि यांत्रिक गुणधर्म

विमानाचा सांगाडा, कवच, चाकांची जोडणी आणि इंजिन यांसाठी वापरले जाणारे धातू, लाकूड, कापड व संमिश्र पदार्थ यांची घनता, ताठरपणा, ताणबल, चिवटपणा, उष्णतेने होणारे प्रसरण आणि शिणवटा सोसण्याची ताकद या गुणांचा विचार या नोंदीत केला आहे. नुसता मजबूत पदार्थ विमानाला उपयोगी पडत नाही. तो किती वजनात मजबूत आहे, आणि तापल्यावर, गारठल्यावर, हजारदा हिसका बसल्यावर कसा वागतो, यावर निवड ठरते. खानदेशाला सर्वांत जवळचा मोठा विमान कारखाना नाशिक जिल्ह्यात ओझरला आहे. खुद्द खानदेशात धुळ्याजवळचे गोंदूर, शिरपूर आणि जळगाव इथे वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमाने उडतात. त्यांच्या देखभालीत यातले बरेचसे गुण इथल्या उन्हामुळेच ठळकपणे समोर येतात.

घनता व ताठरपणा : पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची ४.४३ आणि विमानी ॲल्युमिनियमची २.८ असते. ताठरपणा दाखवणारा यंग गुणांक याच क्रमाने साधारण २००, ११४ आणि ७२ गिगापास्कल. गुणांकाला घनतेने भागले की तिन्ही धातूंचे उत्तर पंचवीस-सव्वीसच्या आसपास येते. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचेही फारसे वेगळे नाही. म्हणजे किलोमागे ताठरपणा पाहिला, तर पोलाद आणि ॲल्युमिनियम एकाच पंगतीत बसतात. मग ॲल्युमिनियमच का? पातळ पत्रा दाबाखाली तुटण्याच्या कितीतरी आधी बाक घेऊन दुमडतो, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तेवढ्याच वजनात ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादी पत्र्याच्या जवळजवळ पावणेतीनपट जाड मिळतो. त्यामुळे गुणांक कमी असूनही तो वाकायला सुमारे आठपट ताठर ठरतो. हलकेपणाचा खरा फायदा इथे आहे. पाठ्यपुस्तके मात्र ‘ॲल्युमिनियम हलके असते’ एवढे सांगून पुढे जातात.

ताणबल व मिश्रधातू : शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते, ताणबल (ओढल्यावर तुटण्यापूर्वी सोसलेला ताण) जेमतेम ९० मेगापास्कल. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६ च्या सुमारास आढळले, की तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केले, तर ते पुढच्या काही दिवसांत आपोआप कठीण होत जाते. यातून ड्युरॅल्युमिन आले. आजचे ‘२०२४’ क्रमांकाचे मिश्रधातू त्याच घराण्यातले असून ‘टी३’ या उष्णता-प्रक्रियेनंतरच्या अवस्थेत त्याचे ताणबल सुमारे ४८० मेगापास्कल असते. जस्त मिसळलेले ‘७०७५’ क्रमांकाचे मिश्रधातू ‘टी६’ अवस्थेत ५७० पर्यंत जाते. आकडा मोठा असूनही ७०७५ सगळीकडे वापरत नाहीत. उडताना पंखाची खालची बाजू ताणली जाते, तिथे चीर सावकाश वाढू देणारे २०२४ बरे. वरची बाजू दाबली जाते, तिथे ७०७५.

पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटमध्ये (ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्यात) आपोआप कठीण होण्याची ही गोष्ट हाताला कळते. डोक्यावर बारीक खळगा असलेली ‘एडी’ प्रकारची रिव्हेट डब्यातून काढून तशीच ठोकता येते. दोन उठावदार रेघांची ‘डीडी’ प्रकारची रिव्हेट २०२४ धातूची असते. ती तापवून, पाण्यात थंड करून लगेच फ्रीजरमध्ये ठेवतात, कारण गारठ्यात तिचे कठीण होणे लांबते. बाहेर काढल्यावर थोड्याच मिनिटांत ठोकली नाही, तर डोके नीट बसत नाही आणि कडेला चिरा पडतात. ही क्रिया उष्णतेत वेगाने होते, त्यामुळे खानदेशच्या उन्हाळ्यात हाताशी असलेला वेळ आणखी आखडतो.

ताकदवान मिश्रधातू लवकर गंजतात. म्हणून पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो, आणि त्यावरचा ओरखडा नुसता दिसायला वाईट म्हणून सोडून देता येत नाही. पत्र्यावर खुणा करायला शिसपेन्सिलही चालत नाही. तिच्यातले ग्रॅफाइट दमटपणात ॲल्युमिनियमला खाते, म्हणून मार्कर वापरतात. मुंबईच्या खाऱ्या हवेपेक्षा इथली कोरडी हवा या बाबतीत सोयीची.

प्रसरण : जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जानेवारीच्या पहाटे १० च्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतो. एका अंशाला ॲल्युमिनियम दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर वाढते, साधे पोलाद १२. छोट्या प्रशिक्षण विमानात शेपटीची नियंत्रणे पोलादी तारांनी फिरवली जातात, आणि त्या तारा ॲल्युमिनियमच्या धडातून जातात. तारेची लांबी पाच मीटर धरली, तर ३५ अंशांच्या फरकाने धड चार मिलिमीटर लांबते, तार दोनच. उरलेले दोन मिलिमीटर तारेच्या ताणात जातात. उन्हाळ्यात तार कडक होते, थंडीत सैल पडते. देखभाल-पुस्तिकेत तारेच्या ताणाबरोबर तापमानाचाही उल्लेख असतो तो यासाठीच. टेन्सियोमीटरने ताण मोजून तार घट्ट-सैल करणारे टर्नबकल फिरवताना विमान दुपारभर उन्हात होते की हँगरमध्ये, हे आधी विचारावे लागते.

शिणवटा : मोडण्याच्या मर्यादेपेक्षा बराच कमी भार पुन्हा पुन्हा बसला, तरी धातूत चीर सुरू होते. ठरावीक मर्यादेखालचा भार पोलाद जवळजवळ कायम सोसते. ॲल्युमिनियमला अशी खात्रीची मर्यादा नाही. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. मग इंग्लंडमधल्या फार्नबरोला एक कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला, तेव्हा झरोक्यांच्या कोपऱ्यांशी ताण कसा एकवटतो ते उघड झाले. शिकाऊ वैमानिकाच्या विमानात केबिनच्या दाबाचा प्रश्न नसतो, पण ते एका सत्रात अनेकदा चाके टेकवून पुन्हा उडते, आणि प्रत्येक टेकणे अलगद असतेच असे नाही. त्यामुळे चाकांच्या जोडणीजवळचे भाग आधी तपासतात. जिथे पुस्तिका परवानगी देते तिथे चिरेच्या टोकावर छोटे भोक पाडतात. टोक बोथट झाले की ताण पसरतो. बदली किंवा ठिगळ लागेपर्यंतचा हा उपाय.

लाकूड व कापड : राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे पंख स्प्रूस व ॲश लाकडाचे, वर सुती मलमल. पुढे विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या लिननची (जवसाच्या धाग्याच्या कापडाची) टंचाई झाल्यावर मर्सराइज्ड, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने मजबूत केलेले, सुती कापड आले. त्याच्या ‘ग्रेड-ए’ प्रतीची एक इंच रुंद पट्टी ८० पौंड ताण सोसायला हवी. ५६ च्या खाली गेली की कापड बाद. त्यासाठी लांब धाग्याचा कापूस लागे. खानदेशचा जुना देशी कापूस आखूड धाग्याचा, त्यामुळे एवढी कपाशी पिकवूनही हा मान त्याच्या वाट्याला येणे अवघडच होते. आता पॉलिएस्टर वापरतात आणि ते इस्त्रीने तापवून ताणून बसवतात.

उष्ण भाग : इंजिनाच्या गरम भागात ॲल्युमिनियम टिकत नाही, दीडशे अंशांपुढे त्याची ताकद झपाट्याने उतरते. तिथे टायटॅनियम आणि त्याहून तप्त जागी निकेलचे मिश्रधातू लागतात. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभा पाटील यांनी राष्ट्रपती असताना २००९ साली पुण्याहून ज्या सुखोई-३० मधून उड्डाण केले, त्या जातीच्या विमानाचा सांगाडा टायटॅनियम आणि उच्चबली ॲल्युमिनियमचा आहे.

संमिश्र पदार्थ : कार्बन तंतू इपॉक्सी रेझिनमध्ये (कालवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवले, की घनता १.६ आणि तंतूंच्या दिशेने गुणांक १३५ च्या आसपास. भागाकार चौऱ्याऐंशीच्या घरात जातो. धातूंची पंचवीस-सव्वीसची बरोबरी इथे मोडते. बोइंग ७८७ च्या सांगाड्याचे निम्मे वजन अशा पदार्थांचे आहे. पण ही ताकद दिशेवर अवलंबून असते. केळीचे सोपट उभे सहज चिरते, आडवे तोडायला जोर लागतो, तसेच हे. म्हणून थर वेगवेगळ्या कोनांत रचतात. मार बसला तर वरून काही न दिसता आतले थर सुटतात. नाण्याने टकटक करून ऐकले, की चांगल्या जागी खणखणीत आणि सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. कार्बन ॲल्युमिनियमला खातो, म्हणून दोघांमध्ये काचतंतूंचा थर घालतात.

रेझिन एका तापमानापुढे मऊ पडते. संमिश्र बांधणीची बरीच हलकी विमाने पांढरी रंगवतात ती पृष्ठभाग कमी तापावा म्हणून. दुरुस्तीसाठी कालवलेले रेझिनही उष्णतेत लवकर घट्ट होते. त्यामुळे धुळे-जळगावच्या मे महिन्यात हे काम पहाटे किंवा वातानुकूलित खोलीत, थोडे थोडे रेझिन कालवून करणे भाग पडते.