ग्रॅनाइट वितळलेला होता, मार्बल कधीच वितळला नाही

ग्रॅनाइट आणि मार्बल, दोन्ही जमिनीखालच्या उष्णतेत तयार झालेले, दोन्हींना झकास पॉलिश चढतं, त्यामुळे बरेच जण धरून चालतात की दोघांचा जन्म साधारण सारखाच असणार. पण तसं अजिबात नाहीये. ग्रॅनाइट एकेकाळी वितळलेला शिलारस होता आणि मार्बल कधीच वितळला नाही, आणि मला तरी या दोन दगडांमधला सगळ्यात भारी फरक हाच वाटतो.

ग्रॅनाइटचा शिलारस साधारण 700 ते 900 अंश सेल्सिअसचा, तो वर यायला निघतो पण काही किलोमीटर खोलवरच अडकतो आणि वर खडकांचं जाड पांघरूण असल्यामुळे थंड व्हायला हजारो, कधी लाखो वर्षं घेतो, म्हणूनच त्यातले स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे वाढतात. एखादी फरशी अगदी जवळून बघा. गुलाबी किंवा पांढरे, जरा सरळ कडांचे दाणे दिसतात ते फेल्डस्पार, चमचमणाऱ्या पापुद्र्यांसारखं दिसतं ते अभ्रक, आणि मधेमधे काचेसारखी राखाडी गारगोटी असते जिला स्वतःचा असा आकारच नसतो, कारण ती बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी गोठते आणि उरलेल्या फटी भरत जाते. म्हणजे कोण आधी गोठलं आणि कोण नंतर हे त्या फरशीवरच वाचता येतं! 18 व्या शतकात बऱ्याच अभ्यासकांना वाटायचं की ग्रॅनाइट समुद्राच्या पाण्यातून साचला, मग 1785 मध्ये भूवैज्ञानिक जेम्स हटनने स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्टमध्ये ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकात घुसलेल्या बघितल्या, आणि अशा शिरा घुसायच्या तर तो आधी रसच असायला हवा ना.

मार्बलची सुरुवात मात्र बहुतेकदा समुद्रातच होते. शिंपले, प्रवाळ, सूक्ष्म जीवांची कवचं तळाशी साचून चुनखडी बनते, पुढे भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे अवाढव्य तुकडे) एकमेकांवर आदळले की ती खोल गाडली जाते आणि काहीशे अंशांच्या उष्णतेत तिचे कॅल्साइटचे (चुनखडीतल्या मुख्य खनिजाचे) कण घन अवस्थेतच मोठे होत एकमेकांत घट्ट गुंततात, यात जीवाश्मांचे आकार बहुतेक पुसले जातात. हीच चुनखडी भट्टीत तापवली तर सुमारे 900 अंशांना तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पण खोलवरच्या दाबाखाली हा गॅस सहजी सुटत नाही म्हणून कॅल्साइट टिकतं. मायकेलअँजेलोने 1501 ते 1504 मध्ये ‘डेव्हिड’चा पुतळा घडवला तो इटलीतल्या कॅरारा गावचा मार्बल म्हणजे मुळात ज्युरासिक काळातल्या समुद्रातली चुनखडी आहे. कॅल्साइटमध्ये प्रकाश थोडा आत शिरून परत बाहेर येतो, त्यामुळे असे पुतळे त्वचेसारखे जिवंत दिसतात.

रोजच्या वापरात हे लगेच जाणवतं. कॅल्साइटचा कठीणपणा मोह्स स्केलवर (खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये मोजणारी पट्टी) 3, फेल्डस्पार आणि गारगोटीचा 6 ते 7, म्हणजे स्टीलच्या सुरीने मार्बलवर ओरखडा उठतो, ग्रॅनाइटवर सहसा नाही. लिंबाचा रस सांडला तर मार्बलचा तो भाग निस्तेज होतो आणि कितीही घासलं तरी जात नाही, कारण तो डाग नसतोच, आम्लाने तिथलं कॅल्साइटच खाल्लेलं असतं, परत पॉलिश करणं हाच उपाय.

आणि एक, बाजारात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा काळाभोर दगड बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. तोही शिलारसातूनच आलेला, पण त्यात गारगोटी जवळपास नसतेच.