विद्युत नौकेवरचा मितव्ययी पडदा

विद्युत नौका चालवणाऱ्याला प्रवासभर एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: बॅटरीत जी वीज शिल्लक आहे, तिच्यावर आपण कुठवर पोहोचू? हे उत्तर नुसत्या व्होल्टमीटरवरून मिळत नाही, कारण आज अशा नौकांमध्ये बहुधा वापरल्या जाणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच्या प्रत्येक घटाचे व्होल्टेज, ती जवळजवळ भरलेली असो वा अर्ध्याहून अधिक रिकामी झालेली असो, ३.२ ते ३.३ च्या आसपासच रेंगाळते. त्यात भर म्हणजे पाण्यावरचा वीजखर्च वेगाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. पाणी कापत जाणाऱ्या साध्या नौकेला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला, तर मोटरला लागणारी शक्ती सुमारे एक अष्टमांशावर येते, आणि वेळ दुप्पट लागूनही तेच अंतर एक चतुर्थांश विजेत कापता येते. पाण्याच्या पातळीवर ६ मीटर लांबी असलेल्या नौकेचा वेग ६ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) जवळ गेला, की ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकल्यासारखी होते आणि खर्च याहूनही झपाट्याने चढतो. म्हणून अशा नौकेवर मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा वेगाचा नाही आणि बॅटरीच्या टक्केवारीचाही नाही. तो आहे दर सागरी मैलाला लागणाऱ्या वॉट-तासांचा. मोटरची शक्ती वॉटमध्ये घेऊन तिला नॉटमधल्या वेगाने भागले की तो मिळतो, आणि हाताशी थोडे इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या कोणालाही तो पडद्यावर (डिस्प्लेवर) दाखवणारे यंत्र घरी बनवता येते.

हे यंत्र कमी विजेवर चालावे, असा आग्रह धरण्याचे कारण मात्र नीट समजून घ्यायला हवे. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४,८०० वॉट-तास साठतात. मोटर १,५०० वॉट ओढत असताना ५ वॉटचा पडदा चालू असला, तरी तो एकूण खर्चाचा तीनशेवा भाग होतो आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही. पण नौका चालते थोडा वेळ आणि धक्क्याला बांधलेली असते बराच काळ. तोच पडदा २८ दिवस अखंड चालू राहिला, तर ३,३६० वॉट-तास, म्हणजे बॅटरीचा ७० टक्के साठा खाऊन टाकतो. यंत्र सरळ बंद करून ठेवावे, असे कोणी सुचवेल. परंतु बॅटरीत आत-बाहेर जाणाऱ्या विजेचा हिशेब ठेवणारे यंत्र बंद केले, तर त्या काळात सौर पॅनेलने भरलेली किंवा गळतीने गेलेली वीज जमाखर्चात येतच नाही. हिशेबनीस जागा राहिला पाहिजे आणि त्याचा पगारही परवडला पाहिजे, अशी ही अडचण आहे.

दुसरी अडचण उन्हाची. भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सपर्यंत जाते. मागून दिवा लावलेला मोबाइलसारखा रंगीत पडदा अशा वेळी सूर्याशी स्पर्धा करू पाहतो, आणि ती स्पर्धा वीज ओतूनच करावी लागते. छापील कागदाचे नेमके उलटे असते. ऊन जितके प्रखर, तितका तो स्पष्ट. पडणारा प्रकाश परतवून दिसणारे, म्हणजे परावर्ती प्रकारचे पडदे याच तत्त्वावर चालतात. स्वतःचा दिवा नसल्यामुळेच ते कमी वीज घेतात आणि त्याच कारणाने उन्हात उत्तम दिसतात. एका निवडीत दोन्ही प्रश्न सुटावेत, अशी संधी अभियांत्रिकीत क्वचितच मिळते.

या प्रकारातला सर्वांना परिचित पडदा म्हणजे ई-पेपर. त्याच्या पृष्ठाखाली सूक्ष्म कुप्यांमध्ये परस्परविरुद्ध विद्युतभार असलेले काळे आणि पांढरे कण एका पारदर्शक द्रवात तरंगत असतात. विद्युतक्षेत्राची दिशा बदलली की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्याचे खाली जातात. एकदा जागा घेतली की वीज पूर्ण तोडली तरी ते तिथेच राहतात, त्यामुळे खर्च होतो तो केवळ चित्र बदलताना. मात्र संपूर्ण चित्र नव्याने उमटवायला या पडद्याला दोन-चार सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो अनेकदा काळा-पांढरा चमकतो. फक्त थोडा भाग बदलण्याची जलद पद्धत वापरली, तर जुन्या आकड्यांची फिकट सावली मागे उरत जाते. शिवाय असे अनेक पडदे ० ते ५० अंश सेल्सिअस या तापमानासाठीच बनवलेले असतात, आणि उन्हात ठेवलेल्या बंद डबीतले तापमान ५० च्या वर सहज जाऊ शकते. बॅटरीची शिल्लक दर काही मिनिटांनी दाखवायची असेल, तर ई-पेपर योग्य आहे. वेग आणि शक्ती क्षणाक्षणाला दाखवण्यासाठी मी तो निवडणार नाही.

त्या कामाला मेमरी एलसीडी अधिक चांगली. शार्प कंपनीने लोकप्रिय केलेल्या या प्रकारात प्रत्येक बिंदूमागे स्वतःची एक बिटाची स्मृती असते. त्यामुळे साध्या एलसीडीप्रमाणे संपूर्ण चित्र सेकंदाला अनेकदा पुन्हा पुन्हा पाठवावे लागत नाही. जी ओळ बदलली, तेवढीच पाठवायची. ४०० बाय २४० बिंदूंचा २.७ इंची पडदा स्थिर चित्र दाखवताना सुमारे ५० मायक्रोवॅट घेतो आणि दर सेकंदाला चित्र बदलले तरी दोनशे मायक्रोवॅटच्या आत राहतो. वर उल्लेखिलेल्या ५ वॉटच्या पडद्याशी तुलना केली, तर हा खर्च पंचवीस हजारपटींनी कमी आहे. एक गोष्ट मात्र डबी बनवण्याआधी तपासावी: एलसीडीतून येणारा प्रकाश ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो आणि पाण्यावर वापरायचे चष्मेही बहुधा ध्रुवीकरण करणारे असतात. चष्मा घालून पडदा हळूहळू फिरवून पाहावा. एखाद्या कोनात तो पूर्ण काळा पडतो, आणि तो कोन नेमका बसवण्याचाच असू नये.

स्वतःची स्मृती असलेल्या या पडद्यांचा गुण हाच त्यांचा सर्वांत मोठा धोकाही आहे, आणि हौशी बांधणीत त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, अडकला, तार सुटली किंवा मोजणी करणारा संवेदक गप्प झाला, तरी शेवटचा आकडा तसाच ठळकपणे दिसत राहतो. ई-पेपर तर वीज गेल्यावरही तो दाखवत राहतो. बॅटरी ६२ टक्के असल्याचे सांगणारा पडदा दोन तासांपूर्वीचे सांगत असेल, तर तो नसलेल्या पडद्याहून घातक आहे. कोरा पडदा निदान सावध तरी करतो. म्हणून प्रत्येक सेकंदाला जागा बदलणारे एक लहानसे चिन्ह पडद्यावर असावे, ई-पेपरवर नोंदीची वेळ छापावी आणि संवेदकाकडून ठरावीक वेळात उत्तर आले नाही, तर आकड्याच्या जागी रेघा दाखवाव्यात. अडकलेल्या मायक्रोकंट्रोलरला आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर बहुतेक चिपमध्ये असतोच, तो चालू ठेवावा.

आता मोजणीकडे वळू. बॅटरीच्या तारेत शंट नावाचा अतिशय कमी रोधाचा धातूचा तुकडा जोडतात आणि त्याच्या दोन टोकांमधल्या सूक्ष्म व्होल्टेजवरून विद्युतप्रवाह काढतात. १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणाऱ्या शंटचा रोध ०.७५ मिलिओहम असतो. ३० अँपिअरला त्यात सुमारे ०.७ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे पडद्याच्या हजारो पट खर्च इथेच होतो. सूक्ष्म चुकांचे परिणामही इथे मोठे होतात. मोजणाऱ्या चिपची शून्यस्थिती १० मायक्रोव्होल्टने सरकलेली असेल, तर या शंटवर ती सुमारे १३ मिलिअँपिअरचा खोटा प्रवाह दाखवते, आणि महिनाभर तो साठत गेला की हिशेबात साडेनऊ अँपिअर-तासांची तफावत पडते. आयएनए२२८ सारख्या नव्या चिपमध्ये ही चूक १ मायक्रोव्होल्टच्या आत ठेवलेली असते. शिवाय ती ८५ व्होल्टपर्यंत चालते आणि विजेची बेरीज स्वतःच करत राहते, त्यामुळे मायक्रोकंट्रोलर निवांत झोपू शकतो. तिची जुनी बहीण आयएनए२२६ स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी असली, तरी तिची मर्यादा ३६ व्होल्टची आहे, आणि ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी चार्ज होताना ५८ व्होल्टपर्यंत चढते. चिप कोणतीही घेतली, तरी बॅटरी पूर्ण भरली की हिशेब शंभर टक्क्यांवर आणून ठेवण्याची सोय हवीच.

इतके करूनही अनेकांचे यंत्र अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वीज घेते, आणि दोष शोधायला लोक पडद्यापासून सुरुवात करतात. खरा खादाड बहुधा त्याच्या मागे दडलेला असतो. ईएसपी३२ ही मायक्रोकंट्रोलर चिप गाढ झोपेत सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते, पण ती ज्या तयार बोर्डावर येते, त्यावरचा दिवा, यूएसबीची चिप आणि साधा व्होल्टेज रेग्युलेटर मिळून काही मिलिअँपिअर सतत ओढतात. ४८ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर काहीही जोडलेले नसताना ५ मिलिअँपिअर घेत असेल, तर महिन्याला १७३ वॉट-तास जातात. जीपीएस आणि वायफाय हे दोघे जागे असताना महागच पडतात. मोटरचा प्रवाह शून्य असताना त्यांची वीज तोडणे हाच सर्वांत सोपा उपाय. प्रत्येक भागाचा झोपेतला प्रवाह मल्टिमीटरने वेगवेगळा मोजल्याशिवाय कोणत्याही माहितीपत्रकावर विसंबू नये.

बसवताना शंटपासून येणाऱ्या बारीक तारांना शंटच्या अगदी जवळ स्वतंत्र फ्यूज द्यावा, कारण लिथियम बॅटरी अशी तार क्षणात लालबुंद करू शकते. सर्किटवर संरक्षक लेप द्यावा आणि मोटरच्या जाड धन-ऋण तारा एकमेकींना चिकटवून न्याव्यात, म्हणजे त्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होकायंत्र भरकटत नाही. रात्रीसाठी समोरून मंद लाल दिवा पुरतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती मेहनत वाया जाते.

यंत्र बसल्यावर शांत हवेचा एक दिवस त्याच्यासाठी राखून ठेवावा. जीपीएस जमिनीच्या संदर्भातला वेग सांगतो, त्यामुळे पाण्याची ओढ त्यात मिसळलेली असते. ती वजा करण्यासाठी एकाच सरळ पट्ट्यात, मोटरची तीच शक्ती ठेवून, जाताना आणि परतताना असे दोन्ही वेग नोंदवावेत आणि त्यांची सरासरी घ्यावी. लाटांमुळे आकडे डोलतात, म्हणून प्रत्येक नोंद निदान मिनिटभराची असावी. २ नॉटपासून अर्ध्या-अर्ध्या नॉटने वर जात प्रत्येक वेगाला किती वॉट-तास प्रति सागरी मैल लागतात, याचा तक्ता तयार करावा आणि तो मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतीत भरून ठेवावा. मग आताचा खर्च त्या तक्त्यापेक्षा बराच जास्त दिसू लागला, तर प्रॉपेलरला दोरी किंवा शेवाळ अडकले आहे का, हे थांबून पाहण्याची सूचना पडदा वेळीच देऊ शकतो.